मुद्दाम कुणीतरी यावं म्हणून...

फोन आला तेव्हा मी चटणीसाठी दाणे भाजत होते. सोलापूरच्या दवाखान्यातून ह्यांचा फोन. एरवी फोनवर आमचे हे असे ओरडून बोलतात की समोरच्याला फोनची गरजच पडू नये. त्या दिवशी आवाज एकदम बारीक झाला होता. "अगं, मधू गेला." एवढंच म्हणाले. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "बरं." पाठच्या भावासारखा दीर गेला आणि माझ्या तोंडून 'बरं' निघालं! फोन ठेवला, गॅस बंद केला, दाणे ताटात ओतले आणि गार व्हायची वाट न बघता चोळून सालं काढत बसले. बोटं पोळत होती ते कळत होतं, पण हात थांबत नव्हते. शेजारच्या शकुंतलाबाईंनी येऊन ताट माझ्या पुढ्यातून ओढून घेतलं, तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

मधुकर, माझे धाकटे दीर. घरात मधू, माझ्या तोंडी भाऊजी आणि धाराशिवला ठाऊक होते ते कंट्रोलर म्हणून. एसटी स्टँडवर भोंग्यातून जो आवाज येतो ना, "तुळजापूरमार्गे सोलापूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे...", तो कित्येक वर्षं आमच्या भाऊजींचा होता. आवाज असा खणखणीत की वारा इकडचा असला तर आमच्या गच्चीवर ऐकू यायचा. मी लग्न होऊन बेंबळीहून ह्या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते. पुढं नोकरी लागली, मुली सांगून आल्या, पण लग्न काही केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "वहिनीच्या हातची भाकर सोडून कुठं जाऊ?" लोकांना वाटायचं, काय दिराची माया! मला विचारा. भाकरी थापणारीला असल्या मायेचं काय कौतुक असणार?

आता त्यांच्या वेडाचं सांगते. वेरूळ-अजिंठा बघून विजापूर, हंपीकडं निघालेले परदेशी लोक पूर्वी आमच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरायचे. अजूनही एखाददुसरा उतरतो. पाठीवर हे एवढालं ओझं, नाक उन्हानं लाल, हातात पुस्तक. त्या पुस्तकात आमच्या गावाला एक ओळसुद्धा नाही. गोरा माणूस फलाटावर दिसला की भाऊजी चौकशीच्या खिडकीतून अर्धे बाहेर यायचे. सोलापूरची गाडी समोर उभी असायची आणि हे त्यांना सांगायचे, "नो नो, व्हेरी रश. नेक्स्ट बस. फर्स्ट यू कम माय होम, ईट." ड्युटी संपली की वरात घरी. आगाऊ निरोप नाही, काही नाही. दारातूनच हाक, "वहिनी, पाहुणे हायत, भाकरी टाका!" मी आतून म्हणायची, "पाहुणे कसले, गाडी चुकवलेली माणसं ती!" पण तवा ठेवायचीच. न ठेवून करते काय? गरम भाकरी, येसराच्या मसाल्याची झणझणीत आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. ते बिचारे घामाघूम होऊन खायचे, नाक पुसायचे आणि "गुड, गुड" म्हणायचे. मग भाऊजी हुसेनभाईंच्या रिक्षात घालून त्यांना आमच्या गावाबाहेरच्या लेण्यांकडं न्यायचे. ते लेण्यांकडं, मी भांड्यांकडं. परत येईपर्यंत चहा आणि पोहे तयार पाहिजेत. शिवाय वाटेत दर्ग्यावर एक चहा, बाजारात अडत्याच्या पेढीवर एक, आणि कुणी जुना कंडक्टर भेटला तर त्याच्या घरीही एक व्हायचाच. एका फ्रेंच बाईनं तर आमच्या दारात येऊन हातच जोडले होते, "नो मोअर टी, प्लीज."

त्यांनी सांगितलेलं सगळं खरं असायचं असं मुळीच नाही. कॉलेजचे एक प्राध्यापक आमच्याकडं येतात, ते एकदा चिडून म्हणाले, "कंट्रोलर, तुमची लेणी दर वर्षी शंभर वर्षांनी जुनी होतायत." भाऊजी म्हणाले, "मग होऊ द्या की. पुण्या-मुंबईचा माणूस येऊन बघतोय का ती? मी तरी बघतोय." पण गावावर जीव होता हे खरं. गावाचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. लोक तावातावानं वाद घालत होते तेव्हा भाऊजी म्हणायचे, "दोन्ही नावांनी हाक मारा, गाव ओ देतंय. पण आधी मारा तर!" पाहुणे सोलापूरच्या गाडीत बसून गेले की मात्र घरी येऊन गप्प व्हायचे. एकदा मी विचारलं, "आता काय झालं? जेवले, फिरले, फोटो काढले, आणखी काय पाहिजे?" तर म्हणाले, "वहिनी, ते गाडी बदलायला उतरले होते. आपल्याकडं आले नव्हते. एक माणूस... एकच, पण मुद्दाम यावा. घरून निघतानाच धाराशिवला जायचं म्हणून निघावा." मी म्हणाले, "इथं काय सोनं लागलंय?" त्या दिवशी ताटावरून उठून गेले. भूक लागल्यावर आले परत, ते सोडा. पण माझं ते बोलणं त्यांना लागलं होतं.

मार्टाही गाडी बदलायलाच उतरली होती. पोलंडची, माझ्यापेक्षा थोडी लहान असेल, उंच, केस सगळे पांढरे. कुठल्याशा शाळेत शिकवायची. इंग्रजी तिचंही बेताचं आणि माझंही पोस्टाच्या काउंटरपुरतं. मी तिथंच नोकरी केली. त्यामुळं आमचं झकास जमलं. येसराची आमटी तिनं वाटी तोंडाला लावून प्यायली, तीही दोनदा. मी "बाई, बेतानं" म्हणत होते. व्हायचं तेच झालं. पोट असं बिघडलं की एका दुपारसाठी आलेली बाई दिवसचे दिवस आमच्याकडं पडून. भाऊजींनी आपली वरची खोली तिला दिली आणि स्वतः खाली पडवीत झोपले. मी मऊ भात आणि ताक द्यायची. बरी झाल्यावर भाऊजींनी तिला काय काय दाखवलं देव जाणे. सकाळी निघायचे ते जेवायलाच यायचे. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. पुढं फोनवर तिचे निरोप येत राहिले. कधी बर्फाचा फोटो, कधी तिच्या मांजराचा.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिचा निरोप आला. ह्या हिवाळ्यात येतेय. वेरूळ नाही, हंपी नाही, फक्त तुमचं गाव. भाऊजींनी तो निरोप आधी मला वाचून दाखवला, मग ह्यांना, मग गल्लीत दिसेल त्याला. किराणा दुकानात सांगितला, दर्ग्यावर सांगितला. रिटायर झालेले असले तरी स्टँडवर रोज जायचेच, तिथं तर भोंग्यावरून पुकारायचं तेवढं बाकी ठेवलं. "मुद्दाम येतीय बरं का! मुद्दाम!" मी चिडवलं, "स्टँडवरच्या भोंग्यासारखं तोंड उघडलंय तुमचं. बंद करा आता." खोलीला स्वतः चुना दिला. खिडकीला पडदा मला शिवायला लावला आणि त्याच्या कापडावरून माझ्याशी भांडलेसुद्धा. इतका आनंदात असलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही.

आणि दिवाळी झाल्यावर... स्टँडवरच्या टपरीवर उभे होते, हातातला ग्लास सुटून पडला. टपरीवाल्याला वाटलं, घसरला असेल. भाऊजी वाकून उचलायला गेले आणि वाकलेले तसेच खाली बसले. लकवा. उजवी बाजू गेली, पण काठी धरून चार पावलं टाकण्याइतके सावरले. वाचा मात्र परत आली नाही. ऐकायला यायचं, कळायचं सगळं. पण बोलायला गेलं की फक्त "हे." पाणी पाहिजे, हे. लाइट घालवा, हे. राग आला तरी हे... हे... हे! डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काही सांगता येत नाही. मग मी विचारायला बसायची, "ऊन लागतंय का? मान दुखतीय का? ह्यांना बोलवू का?" ते मान हलवत राहायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मी हरून स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसायची. अख्ख्या जिल्ह्याला ओरडून गाड्या सांगणारा माणूस हो! देवाला काढून घ्यायला दुसरं काहीच सापडलं नाही का?

आम्ही ठरवलं, मार्टाला येऊ नको म्हणून कळवावं. मी फोन हातात घेतला, तर भाऊजींनी डाव्या हातानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. नाही म्हणजे नाही. शेवटी मीच तिला खरं काय ते कळवलं आणि वर लिहिलं, तरी ये.

ती आली. सोलापूरहून गाडीनं आली. स्टँडवरची नवी पाटी बघून आपण दुसऱ्याच गावात उतरलो की काय म्हणून गोंधळली, मग मला बघून हसली. घरी भाऊजी दारात इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. तिनं त्यांचा निकामी हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. भाऊजींच्या गळ्याची शीर फुगली, तोंड उघडलं, ओठ हलले... "हे." ती म्हणाली, "आय नो, मधू, आय नो." काय नो? तिला काय कळणार होतं? वर्षानुवर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस दारात येऊन उभा होता आणि ह्या माणसाला साधं 'या' म्हणता येत नव्हतं. मला तिथं थांबवेना. मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी लेण्यांकडं निघालो. भाऊजींना न्यायला हे तयार नव्हते, पण भाऊजी आधीच रिक्षात जाऊन बसले होते. पुढं हुसेनभाई, मागं आम्ही तिघं. वाटेत दाखवायचं काम माझ्यावर. मी म्हणाले, "दिस इज कॉलेज." भाऊजींनी काठी रिक्षाच्या दांडीवर आपटली. मी म्हणाले, "दॅट साइड हातलाई देवी टेंपल." पुन्हा आपटली. देवीचंच देऊळ होतं हो, चूक काय होती? पण त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं, मला ते येत नव्हतं. हुसेनभाई पुढून म्हणाले, "वहिनी, तुमी गप बसा, न्हाय तर माझी रिक्षा मोडतीय." सगळे हसलो. भाऊजी हसले नाहीत.

लेण्यांकडं पायऱ्या उतरून जावं लागतं. भाऊजींना उतरणं शक्य नव्हतं. हुसेनभाईंनी झाडाखाली खुर्ची टाकली, त्यांना बसवलं आणि जवळच उभे राहिले. मी आणि मार्टा खाली उतरलो. उतरल्यावर मार्टानं माझा हात धरला आणि ती मला दाखवायला लागली. हो, ती मला! इथं मधूनं चप्पल काढायला लावली होती. इथं आत अंधारात डोळे मिटून थोडं थांबायचं आणि मग उघडायचे, मूर्ती आपोआप दिसते. मी थांबले, डोळे उघडले. आत खरंच मोठी मूर्ती, मांडी घालून बसलेली, डोक्यावर नागाचा फणा. थंडगार. पाकोळ्यांचा वास. मी बघतच राहिले. मार्टानं विचारलं, "तू इथं किती वेळा आलीस?" मी म्हणाले, "फर्स्ट टाइम."

तिला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. पुन्हा विचारलं. काय चुकणार त्यात? ह्या गावात म्हातारी झाले मी. तुळजापूरला दर वर्षी जाते, माहेरच्या पाहुण्यांना घेऊन नळदुर्गचा किल्ला बघून आले. पण इथं, घरापासून रिक्षाच्या अंतरावर, मला कुणी आणलं नव्हतं आणि मला घेऊन चला असं मी कधी म्हटलं नव्हतं. आपल्या घरांत असंच असतं. गाव दाखवायचं ते पाहुण्याला. घरातलं माणूस काय, घरातच आहे की!

वर आल्यावर मार्टानं सरळ जाऊन भाऊजींना सांगितलं. त्या लोकांना मनात ठेवता येत नाही. "मधू, हिनं हे कधीच बघितलं नव्हतं? तू हिला कधीच आणलं नाहीस?" मी तिचा हात ओढत होते, पण बोलून झालं होतं. भाऊजी आधी तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. आठवत असणार. कुणाकुणाला आणलं, कितीकदा आणलं. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. एकदा, दोनदा... हुसेनभाईंनी हात धरला. "हे... हे... हे..." लहान मूल रडतं तसे रडत होते. मी म्हणाले, "असू द्या भाऊजी, बघितलं ना आता. लई झकास आहे. खरंच लई झकास आहे." माझं ऐकलं का, माहीत नाही. मार्टासुद्धा रडायला लागली. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. इतक्या लांबून ती मुद्दाम आली, आणि त्यांच्या पदरात हे टाकून गेली, असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. सांगितलं हे बरंच केलं तिनं.

मार्टा परत गेली आणि भाऊजींनी वेगळंच सुरू केलं. संध्याकाळी उन्हं उतरली की काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "हे." म्हणजे, चल. मी म्हणायची, "पीठ मळायचं राहिलंय." काठी आपटायचे. एरवी ज्यांनी हयातभर "भाकरी टाका" म्हणून हाक मारली ते आता मला तव्यापुढून उठवत होते! मग निघायचो. मी त्यांचा दंड धरायची. गल्ली, मग वळण, फार तर बाजाराचं तोंड. त्याच्यापुढं पाय चालत नव्हते. तेवढ्यात ते मला गाव दाखवायचे. एखाद्या घराच्या माडीकडं बोट करायचे, चिंचेच्या झाडाकडं करायचे. "हे." मी विचारायची, "इथं कुणी राहायचं का? तुमची शाळा होती का? विहीर होती?" नाही, नाही, नाही. कधी मी कंटाळून "अस्सं होय! आत्ता कळलं" म्हणायची. त्यांना खोटं कळायचं. माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी-शेवटी मी नुसती बघत उभी राहायची. त्यांच्याजवळ सांगायला सगळं होतं. मीही ऐकायला पहिल्यांदाच मोकळी झाले होते. आणि दोघांच्या हातात काही म्हणून नव्हतं.

ह्यातली एक जागा रोजची. वळणावर मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या पायरीला एक काळा दगड बसवलेला आहे, लांबट, गुळगुळीत झालेला. भाऊजी तिथं थांबायचे, काठी मला द्यायचे, वाकून डावा हात त्या दगडावर ठेवायचे आणि वर माझ्याकडं बघायचे. "हे." इतर जागी चिडायचे, इथं चिडायचे नाहीत. तोंड असं उजळायचं की मला वाटायचं, आता बोलतील. मी तो दगड पाणी टाकून धुतला. त्यावर काही कोरलेलं नाही, अक्षर नाही, चित्र नाही. हुसेनभाईंना विचारलं, ते म्हणाले, "आपल्याला त्यांनी कधी न्हाय सांगितलं." ह्यांना विचारलं, ह्यांना गावातलं काहीच माहीत नसतं. प्राध्यापक येऊन बघून गेले आणि म्हणाले, साधा दगड आहे. मार्टाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, आठवत नाही, त्यानं मला खूप दगड दाखवले होते. कुणाला तरी त्यांनी नक्की सांगितलं असणार. तो माणूस आता कुठल्या देशात आहे, मला काय माहीत! हे वाचणाऱ्या कुणाला ठाऊक असेल तर मला सांगा हो. अर्धं खोटं असलं तरी चालेल.

दुसरा झटका आला आणि भाऊजी सोलापूरहून परत आलेच नाहीत. दिवसकार्य झालं. त्यांची खोली मी झाडते, पण तिथं मला ते भेटत नाहीत. परवा मोबाइलवाला राजू दारात आला. पायरीला नवी फरशी बसवायला काढलीय. "वहिनी, त्या दगडाचं काय करू? कंट्रोलरकाका रोज हात लावायचे. काय हाय काय त्यात?" मी म्हणाले, "मला माहीत नाही रे." तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. एवढा सोडून बाकीची बसवतो."

आता चकाचक पांढऱ्या फरशीत तेवढाच एक काळा दगड दिसतो. पूर्वी कुणाचं लक्ष जात नव्हतं, आता येणारा-जाणारा विचारतो, हा कसला दगड? राजू सगळ्यांना आमचं घर दाखवतो, "त्या वहिनींना माहीत हाय." काल कॉलेजच्या दोन मुली आल्या. रिचार्जला आल्या होत्या, तशाच माझ्याकडं आल्या. "काकू, त्या दगडाचं काहीतरी आहे म्हणं. सांगा ना." मी पदर खोचला, त्यांना घेऊन वळणापर्यंत गेले. म्हणाले, वाका, हात ठेवा. दोघींनी ठेवला. ऊन उतरलेलं होतं, दगड अजून कोमट असणार. मग त्या मान वर करून माझ्याकडं बघत राहिल्या, मी पुढं काय सांगते त्याची वाट बघत.